घरगुती सुतारकामासाठी जुने बँड सॉ मशीन : नागपुरातील खरेदी आणि दुरुस्तीच्या नोंदी

21 नोव्हेंबर 2023

नागपूरच्या महाल भागातील एक जुना वाडा पाडला गेला, तेव्हा निघालेल्या सागवानी तुळयांपैकी काही नग मी उन्हाळ्यात विकत घेतले होते. मानेवाड्याच्या घरामागील शेडमध्ये ते विटांवर रचून ठेवलेले आहेत. प्रत्येक नग साधारण चार बाय पाच इंचांचा आहे आणि अनेक दशके छपराखाली राहिल्यामुळे लाकूड पूर्ण मुरलेले आहे. त्याच्या पातळ फळ्या चिरून कपाटांची दारे आणि लहान पेट्या करावयाच्या आहेत. हाताशी असलेली दहा इंची गोल करवत फार तर 75 ते 80 मिलिमीटर खोल जाते, म्हणजे नग उलटवून दोन्ही बाजूंनी कापावा लागेल. शिवाय तिच्या प्रत्येक कापात सुमारे 3 मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो.

हिशेब मांडून पाहिला. रंधून 8 मिलिमीटरची फळी हवी असेल, तर ती 10 मिलिमीटर जाडीची चिरावी लागते. 100 मिलिमीटर जाडीच्या नगातून 3 मिलिमीटरच्या कापाने अशा 7 फळ्या निघतात, तर बँड सॉच्या, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या अखंड दातेरी पट्ट्याच्या करवतीच्या, सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी असलेल्या कापाने 9 निघतात. असा सागवान आता पैसे मोजूनही सहज मिळत नाही, त्यामुळे नगामागे दोन फळ्यांचा हा फरक मला मशीन घेण्यास पुरेसा वाटतो.

नवे मशीन अंदाजपत्रकात बसत नाही. म्हणून जुने शोधायचे, आणि दुरुस्तीसह एकूण खर्च 60,000 रुपयांच्या आत ठेवायचा असे ठरवले आहे. चाक 400 ते 450 मिलिमीटर व्यासाचे, कापाची उंची किमान 200 मिलिमीटर आणि मोटर 2 एचपीपर्यंत, कारण घरी सिंगल फेज वीज आहे. बेअरिंग, चाकांवरचे रबरी टायर, ब्लेड (दातेरी पट्टा), त्याला बाजूने आधार देणारे गाइड आणि मोटर या गोष्टी बाजारात मिळतात किंवा करून घेता येतात. बिडाची चौकट, दोन चाके आणि वरच्या चाकाची सरकती बैठक मात्र जशी मिळेल तशीच पत्करावी लागते. मशीन पाहताना नजर या तीन भागांवरच ठेवायची आहे. रंग आणि मोटरचा आवाज यांचा विचार नंतर.

26 नोव्हेंबर 2023

लकडगंजात सकाळभर हिंडलो. टालींच्या (लाकडाच्या वखारींच्या) मागील गल्ल्यांत बंद पडलेली किंवा बदलून टाकलेली आरा मशीन अजूनही ताडपत्रीखाली पडून असतात. एका ठिकाणी 36 इंची चाकांचे मशीन पाहिले. त्याची बीड उत्तम होती, चाके हाताने ढकलल्यावर बराच वेळ निःशब्द फिरत राहिली आणि किंमतही वजनाच्या मानाने कमी होती. परंतु त्याला 10 एचपीची थ्री फेज मोटर आणि जमिनीखाली काँक्रीटचा पाया लागतो. टालवाल्यांनीच स्पष्ट सांगितले, “भाऊ, ही घरात बसवाची मशीन नाही, हिले खाली पाया लागते.” विकणाऱ्याने स्वतःहून असे सांगावे, हे बाजारात क्वचित घडते.

त्यांच्याशी बोलताना परवान्याचा विषय निघाला, आणि तो येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. यंत्राच्या साहाय्याने गोल लाकूड चिरणारी जागा आरागिरणी ठरते आणि तिला वन विभागाचा परवाना लागतो. जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानंतर देशभरातील आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले, आणि लाकूड-आधारित उद्योगांसाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. माझ्या शेडमध्ये गोल लाकूड येणार नाही आणि दुसऱ्याचे लाकूड चिरून देण्याचा विचारही नाही. तरीही मशीन ठरताच चाकाचा व्यास, मोटरची ताकद आणि लाकूड कोठून आणले ते लिहून वन कार्यालयात लेखी विचारणा करायची आणि तुळयांच्या खरेदीची पावती त्याच फाइलमध्ये लावून ठेवायची, असे ठरवले. बँड सॉ विकत घेणाऱ्या हौशी माणसाला हा विचार सहसा सुचत नाही, कारण दुकानात ते रंध्याच्या मशीनशेजारीच ठेवलेले असते.

3 डिसेंबर 2023

हिंगणा एमआयडीसीतील एका बंद शेडमध्ये 14 इंची मशीन पाहिले. वाकवलेल्या पत्र्याची चौकट, ॲल्युमिनियमची चाके. ब्लेड ताणले, तेव्हा वरचे चाक नजरेला दिसेल इतके पुढे झुकले आणि नॉब सैल करताच पूर्ववत झाले. नक्षीकामाला ते चालले असते, पाच इंच उंच सागवान चिरायला नाही. किंमत विचारली नाही.

17 डिसेंबर 2023

उमरेड रोडवरील एका फर्निचर कारखान्याने सगळे काम प्लायवूड आणि मॉड्युलर कपाटांकडे वळवले आहे, त्यामुळे त्यांच्याकडील घन लाकडाची मशीन एकेक करून विक्रीला निघाली आहेत. त्यांतील 18 इंची बँड सॉ आज सावकाश पाहिला. चौकट संपूर्ण बिडाची, एकसंध ओतीव आहे. त्यावर कारखान्याची पाटी नाही. घडण पाहता ते देशी मशीन आहे. गाइडपोस्ट जाड आणि टेबलाखालील फासळ्या भरीव आहेत. मालकांनी आल्याआल्या बटण दाबून मशीन चालवून दाखवण्याची तयारी केली. ते शेवटी पाहू, अशी विनंती केली, कारण वेगाने फिरणाऱ्या चाकाची डुगडुग दिसत नाही आणि मोटरच्या आवाजात बेअरिंगची घरघर लपून जाते.

प्रथम करवतीचा पट्टा उतरवून दोन्ही चाके हाताने फिरवली. खालचे चाक घरघरत होते. वरचे तुलनेने शांत होते, पण कडेला धरून पुढेमागे हलवल्यावर बारीक टक्क असा आवाज आला. दोन्ही ठिकाणी बेअरिंग संपली आहेत, आणि तो दोष मला चालण्यासारखा आहे. त्यानंतर चुंबकी बैठकीचा डायल गेज लावून चाकांची धाव, म्हणजे फिरताना गोलाईत पडणारा फरक, मोजली. बिडाच्या कडेवर खालच्या चाकाची धाव 0.15 मिलिमीटर आणि वरच्याची 0.3 मिलिमीटर निघाली. बाजूची डुगडुग वरच्या चाकात 0.4 मिलिमीटर होती. यावर रबर चढवून लेथवर घासल्यास गोलाई दुरुस्त होते. दीड-दोन मिलिमीटर आले असते तर तेथूनच परतलो असतो.

मग लहान हातोडीने प्रत्येक आऱ्यावर टिचकी मारत गेलो. खालचे चाक घंटेसारखे वाजले. वरच्या चाकाच्या एका आऱ्यावर मात्र तुंब्याजवळ केसाएवढी रेघ दिसली. आवाज फुटका नव्हता. तरीही मिनिटाला सातशे फेरे घेणाऱ्या बिडाच्या चाकातील रेघ ऐकीव भरवशावर सोडता येत नाही. तेथील रंग पात्याने खरवडला, रेघेवर डिझेल लावून काही वेळ मुरू दिले, मग कापडाने कोरडे पुसून वर खडूची भुकटी चोळली. तडा असेल तर आत शिरलेले तेल हळूहळू परत वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली काळपट रेषा उमटते. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत. आता ते सहज मिळत नाही, म्हणून डिझेल. मालक चहा सांगून आले तोवर वाट पाहिली. खडू कोरडाच राहिला. ती रेघ ओतकामाच्या सांध्याची होती आणि तिच्यावर रंगाचा जाड थर फुटलेला होता.

वरच्या चाकाची सरकती बैठक खालपासून वरपर्यंत फिरवून पाहिली. प्रवास सुमारे 40 मिलिमीटरचा आहे आणि स्क्रूचे आटे शाबूत आहेत. स्प्रिंग मात्र दबून आखूड झालेली आहे. टेबलावर सरळ पट्टी कर्णावर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) घातला, तेव्हा मधोमध 0.2 मिलिमीटरचा खोलगटपणा आढळला. इतकी घस वापराने होतेच. टेबल तिरपे करण्याच्या अर्धवर्तुळाकार बैठकीचा एक कान तुटून पितळी ब्रेझिंगने जोडलेला आहे. पिवळी रेषा स्पष्ट दिसते. बिडावरचे चांगले ब्रेझिंग टिकते आणि माझे बहुतेक काम काटकोनातच होणार आहे, म्हणून हा दोष मी नाकारण्यासाठी नव्हे तर घासाघीस करण्यासाठी टिपून ठेवला.

शेवटी मशीन चालवले. 2 एचपीची 1440 आरपीएम मोटर, तिच्यावर चार इंची पुली, खालच्या चाकाच्या शाफ्टवर आठ इंची. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे 720 फेरे घेते, आणि 450 मिलिमीटर व्यासाला पट्ट्याचा वेग मिनिटाला साधारण 1,018 मीटर, म्हणजे 3,300 फुटांच्या पुढे जातो. लाकडासाठी हा वेग योग्य आहे. मागितलेली किंमत 42,000 रुपये. उत्तर दोन दिवसांनी देतो, असे सांगून निघालो.

19 डिसेंबर 2023

चार बेअरिंगचे 1,600, टायरच्या रबराचे आणि डिंकाचे 2,200, लेथवरील कामाचे 1,500, तीन पट्ट्यांचे 2,700, सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणाऱ्या उपकरणाचे, म्हणजे व्हीएफडीचे 13,500, वायरिंग आणि एमसीबीचे 2,400, वाहतुकीचे 2,800. बेरीज 26,700 रुपये. ठरवलेल्या 60,000 मधून हे वजा केल्यावर मशीनसाठी 33,300 उरतात, म्हणजे याहून वर जाणे नाही. ही यादी कागदावर लिहून मालकांसमोर ठेवली. त्यांना ब्रेझिंगपेक्षा व्हीएफडीचा आकडा अधिक पटला, कारण त्यांच्याकडे थ्री फेज असल्याने हा खर्च त्यांच्या हिशेबातच आला नव्हता. “काका, तुम्ही मशीन विकता, मला मात्र चालणारी मशीन विकत घ्यायची आहे,” एवढेच म्हणालो. 31,000 वर सौदा ठरला. पावतीवर चाकाचा व्यास, मोटरची पाटी आणि “जुने, आहे त्या स्थितीत” अशी स्पष्ट नोंद करून घेतली.

24 डिसेंबर 2023

मशीन घरी आणले. वजन अंदाजे पावणेतीनशे किलो. टेबल, मोटर, गाइडपोस्ट आणि वरचे चाक काढून वेगळे बांधले. बँड सॉचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून उभ्याने नेण्याचा मोह टाळून चौकट पाठीवर निजवली आणि खाली जुनी पोती घातली. छोट्या हत्तीत (लहान मालवाहू टेम्पोत) चेन कप्पीने चढवले. दोर नेहमी चौकटीच्या कण्याला बांधायचा असतो. टेबलाच्या बैठकीला किंवा चाकाच्या शाफ्टला बांधलेला दोर एका हिसक्यात शाफ्ट वाकवू शकतो. घरी उतरवताना सब्बल आणि लोखंडी पाइपांचे रूळ पुरेसे झाले. शेजारच्या लेथवाल्या काकांनी चौकटीवर हात फिरवून “माल चांगला आहे, घाई करू नका,” असे म्हटले.

वन कार्यालयात द्यावयाचा अर्ज कागदपत्रांसह दाखल करून पोच घेतली.

31 डिसेंबर 2023

बेअरिंग उतरवली. वरच्या चाकात 6205 क्रमांकाची दोन आणि खालच्या शाफ्टवर 6206 ची दोन निघाली. पहिल्याचे माप 25 बाय 52 बाय 15 मिलिमीटर आणि दुसऱ्याचे 30 बाय 62 बाय 16 असते. बाहेरील अंक पुसले गेले असतील तरी व्हर्नियरने मोजून क्रमांक ओळखता येतो. भुसा उडतो अशा ठिकाणी दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली बेअरिंग घ्यावी, नुसत्या पत्र्याच्या झाकणाची घेऊ नयेत. जुन्या बेअरिंगमधील ग्रीस आणि सागवानाचा भुसा मिळून इतके घट्ट झाले होते की ते खिळ्याने टोकरून काढावे लागले.

खालच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा घसली आहे का, हे मायक्रोमीटरने तपासले. घसलेली असती तर वेल्डिंग करून पुन्हा खरादावे लागले असते आणि हिशेब कोलमडला असता. शाफ्ट मापात आहे. शाफ्टवर नवी बेअरिंग बसवताना बल आतल्या कड्यावर दिले, बाहेरच्या कड्यावर ठोकल्यास गोळ्यांच्या वाटेत खाचे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागते.

7 जानेवारी 2024

जुने टायर खडखडीत वाळून तडकले होते. पटाशीने सोलून काढले, बीड तारेच्या ब्रशने घासून थिनरने पुसली. नव्या रबराची पट्टी घेराहून थोडी आखूड कापून, टोके तिरकी तासून, डिंक लावून ताणून बसवली आणि रात्रभर दोरीने आवळून ठेवली. त्यानंतर दोन्ही चाके लेथवाल्या काकांकडे दिली. त्यांनी मंद वेगावर रबर प्रथम पटाशीसारख्या धारदार हत्याराने आणि नंतर सँडपेपरच्या ठोकळ्याने घासून गोल केले. मधला भाग कडांपेक्षा अर्धा मिलिमीटर उंच ठेवून घेतला, कारण याच फुगवट्यावर पट्टा स्वतःहून मध्याकडे ओढला जातो. फुगवटा जास्त ठेवला तर रुंद पट्ट्याला आधार अपुरा मिळतो आणि अगदी सपाट ठेवला तर अरुंद पट्टा कडेला सरकतो. काकांना डायल गेजचा वापर माझ्यापेक्षा चांगला येतो. ते चाक परत देताना वरच्याची धाव 0.05 च्या आत आणून गेले.

14 जानेवारी 2024

मोटरचा प्रश्न आज सुटला. घरच्या वापरासाठी महावितरणकडून थ्री फेज जोडणी घेणे शक्य होते, पण एका मशीनसाठी मीटर आणि मंजूर भार बदलणे मला पटले नाही. सिंगल फेजची नवी 2 एचपी मोटर हा दुसरा मार्ग होता. पण जड चाके सुरू करताना ती बराच वेळ मोठा करंट ओढते आणि घरातले दिवे मंदावतात. म्हणून व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेज 230 व्होल्ट घेऊन थ्री फेज 230 व्होल्ट देणारे उपकरण, निवडले.

येथे एक बाब नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती समजली नाही तर मोटर अशक्त वाटते आणि लोक व्हीएफडीला दोष देतात. आपल्याकडील लहान मोटरी 415 व्होल्टसाठी सहसा स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एकत्र) येतात, आणि स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला प्रत्यक्षात सुमारे 240 व्होल्टच मिळतात. म्हणून टर्मिनल बॉक्समधील पितळी पट्ट्या काढून त्याच वाइंडिंग डेल्टात (त्रिकोणात) जोडल्या, तर 230 व्होल्टवर मोटर जवळजवळ पूर्ण ताकद देते. यासाठी बॉक्समध्ये सहा टोके बाहेर आलेली असावी लागतात. माझ्या मोटरच्या पाटीवर स्टारमध्ये 3.4 अँपिअर लिहिले आहे; डेल्टात तो आकडा 1.73 पट होऊन 5.9 अँपिअरवर जातो, आणि व्हीएफडीतील मोटर संरक्षणाचा आकडा तोच भरायचा असतो. जोडणीपूर्वी 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमधील इन्सुलेशन तपासून घेतले. ते समाधानकारक आहे.

2.2 किलोवॅटचा, म्हणजे मोटरपेक्षा एक पायरी मोठा व्हीएफडी घेतला. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कोणताही स्विच ठेवलेला नाही. सुरू आणि बंद करण्याची बटणे व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडली, शेजारी तातडीने बंद करण्याचे लाल मश्रूम बटण लावले आणि अर्थिंग स्वतंत्र जाड तारेने केले. सुरू होण्याचा वेळ 6 सेकंद आणि थांबण्याचा 10 सेकंद ठेवला. थांबण्याचा वेळ याहून कमी केल्यास बिडाची चाके मोटरला जनरेटरसारखे फिरवतात, आतील व्होल्टेज वाढते आणि व्हीएफडी ट्रिप होतो. फ्रिक्वेन्सी 30 हर्ट्झच्या खाली नेणार नाही, कारण मोटरचा पंखा शाफ्टवरच असल्याने मंद वेगात तिला वारा कमी मिळतो.

21 जानेवारी 2024

पट्ट्याची लांबी ठरवली. सूत्र साधे आहे: दोन चाकांच्या केंद्रांतील अंतराची दुप्पट, अधिक चाकाचा घेर. वरची बैठक प्रवासाच्या मधोमध आणून अंतर मोजले, ते 985 मिलिमीटर भरले. दुप्पट 1,970, घेर 1,414. एकूण 3,384 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 11 फूट 1 इंच. बैठक मधोमध आणून मोजण्याचे कारण असे की टाका (पट्ट्याच्या टोकांचा सांधा) पुन्हा मारावा लागला तर पट्टा दोन-तीन सेंटिमीटर आखूड होतो आणि वरचे चाक खाली आणण्यास जागा उरावी लागते.

लकडगंजातील धारवाल्यांकडे गेलो. त्यांच्याकडे आरा मशीनसाठी 0.9 मिलिमीटर जाडीची पट्टी हाताशी होती आणि ती मजबूत असल्याचे ते आग्रहाने सांगत होते. मोठ्या चाकावर ती मजबूत असतेच; 18 इंची चाकावर मात्र प्रत्येक फेऱ्यात इतकी वाकते की थोड्याच दिवसांत दातांच्या मुळाशी तडे जातात. पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असावी, हा संकेत त्यांनाही माहीत होता. 0.5 मिलिमीटरची पट्टी घेतली: दोन पट्टे अर्धा इंच रुंद आणि इंचाला 3 दातांचे, एक पाव इंच रुंद आणि 6 दातांचा. पाच इंच उंच लाकडात 3 दातांच्या पट्ट्याचे सुमारे 15 दात एकाच वेळी असतात, तर 6 दातांच्या पट्ट्याचे 30. इतके दात असले की भुसा दातांच्या पोटात (दोन दातांमधील खाचेत) मावत नाही, पट्टा तापतो आणि वाकडा चालतो. बारीक दात म्हणजे स्वच्छ काप, हा समज जाड लाकडाला लागू पडत नाही.

टाका मारताना मी शेजारी उभा होतो. त्यांनी दोन्ही टोके ग्राइंडरवर तिरकी घासली, एकमेकांवर सुमारे एक सेंटिमीटर ठेवून चिमट्यात धरली, मध्ये चांदीच्या मिश्रणाची पातळ पत्ती आणि सुहागा ठेवला आणि तापलेल्या चिमट्याने दाबून पत्ती वितळवली. लाली उतरेपर्यंत कोणी बोलले नाही. नंतर सांधा पुन्हा मंद तापवून सावकाश गार केला, कारण एकदम गार झालेला सांधा काचेसारखा तुटतो. शेवटी कानशीने दोन्ही बाजू घासून जाडी पट्ट्याइतकी केली. बोट फिरवल्यावर सांधा कोठे आहे हे कळले नाही.

28 जानेवारी 2024

जुळवणी केली. पट्टा ताणलेला असतानाच दोन्ही चाकांच्या कडांवर लांब ॲल्युमिनियमची पट्टी लावून पाहिली, कारण ताणाखाली चौकट किंचित वाकते आणि सैल अवस्थेत घेतलेले माप खोटे ठरते. वरचे चाक अडीच मिलिमीटर मागे होते. शाफ्टवर वॉशर घालून दोन्ही एका पातळीत आणले. त्यानंतर चाक हाताने फिरवत ट्रॅकिंगच्या नॉबने पट्टा टायरच्या मधोमध चालेल असे केले, आणि मगच मोटर सुरू केली.

गाइडचे जुने पोलादी गुटके खाचले गेले होते. त्यांच्या जागी तेलात मुरवलेल्या बाभळीचे गुटके घातले. पट्टा घासला तरी दात बोथट होत नाहीत आणि झिजले की करवतीने नवे कापता येतात. गुटके दातांच्या पोटाच्या मागे, कागदाच्या जाडीएवढ्या फटीवर ठेवले; पाठीमागचे बेअरिंगही तेवढ्याच अंतरावर ठेवले, जेणेकरून रिकाम्या चालीत ते फिरणार नाही आणि लाकूड लागताच फिरेल. ताणासाठी स्प्रिंगवरील खुणांवर विश्वास ठेवला नाही, कारण स्प्रिंग थकलेली आहे. मशीन चालू ठेवून ताण हळूहळू कमी केला, पट्टा फडफडू लागताच थांबून पुन्हा फडफड जाईपर्यंत आणि त्यापुढे थोडा ताणला.

तुळई टेबलावर घेण्यापूर्वी जुन्या स्पीकरमधले चुंबक दोऱ्याला बांधून सर्व बाजूंनी फिरवले. वाड्याच्या लाकडात हाताने घडवलेले खिळे तुटून आत राहिलेले असतात; त्यांच्याभोवतीचा सागवान काळा पडतो, त्यामुळे काळा डाग दिसला की चुंबक तेथे अधिक वेळ धरायचे. दोन खिळे सापडले, ते पोकळ ड्रिलने भोवतीचे लाकूड कोरून काढले.

पहिला काप फेन्सला (लाकूड टेकवून सरळ नेण्याच्या पट्टीला) समांतर न जाता मागे जाताना बाजूला सरकला. ही बँड सॉची जुनी खोड आहे. एका फळीवर सरळ रेघ मारून, फेन्सशिवाय, हाताने पट्ट्याच्या कलाने निम्म्यापर्यंत कापले, तेथेच थांबून फळीच्या कडेचा कोन टेबलावर पेन्सिलीने आखला आणि फेन्स त्या कोनात पक्का केला. पुढच्या फळीची जाडी दोन्ही टोकांना आणि वर-खाली व्हर्नियरने मोजली. सर्वाधिक फरक 0.4 मिलिमीटर. रंध्याला दिलेली सूट त्याहून पुष्कळ अधिक आहे.

11 फेब्रुवारी 2024

या घडणीच्या मशीनला चाकांवर आवरण बहुधा नसते. कारखान्यात ती तशीच उघडी चालतात. 12 मिलिमीटर प्लायवूडचे दोन दरवाजे बिजागरीवर बसवले आणि उघडताच मशीन बंद होईल असा लिमिट स्विच लावला. पट्टा तुटला तर तो आतच राहतो. वरचा गाइड लाकडाच्या पृष्ठभागापासून बोटभर वर ठेवण्याची सवय घरातील दोघांनाही लावून घेत आहे, कारण जितका पट्टा उघडा तितका धोका, आणि कापही तितका कमी सरळ.

टेबलाखाली, पट्टा खाली जातो तेथे चार इंची पाइपचे तोंड बसवून ते भुसा ओढणाऱ्या पंख्याला जोडले. टणक लाकडाचा भुसा दीर्घकाळ श्वासावाटे घेणे आरोग्यास घातक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या भुशाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. सागवानाच्या भुशाने माझे नाक लगेच चोंदते, त्यामुळे मास्क लावण्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही.

प्रत्यक्ष खर्चाचा मेळ घातला. अंदाजपत्रकापेक्षा दरवाजांचे प्लायवूड आणि लिमिट स्विच एवढेच वाढले; एकूण 59,000 रुपयांच्या थोडे आत.

18 फेब्रुवारी 2024

तीन तुळया चिरून झाल्या आणि पहिला अर्धा इंची पट्टा बोथट झाला. सागवानात नैसर्गिक सिलिका असते, त्यामुळे साधे कार्बन स्टीलचे दात लवकर बसतात. भुसा बारीक पिठासारखा येऊ लागला आणि फळी पुढे ढकलण्यास जोर लागू लागला, ही त्याची खूण. पट्टा धारेसाठी दिला आहे. दातांचे सेटिंग (दात आळीपाळीने बाहेर वाकवणे) दोन्ही बाजूंना समान झाले नाही तर पट्टा एका बाजूला ओढतो, म्हणून परत आल्यावर प्रथम दोन्ही बाजूंची रुंदी भिंगाखाली पाहणार आहे.

शिल्लक कामांत स्प्रिंग आहे. इतवारीतील एका दुकानात त्याच व्यासाची, दोन वेढे अधिक असलेली मिळेल असे समजले. ती बसल्यावर तिच्यावरील ताणाच्या खुणा नव्याने पाडायच्या, आणि मग दुसरा अर्धा इंची पट्टा चढवून उरलेल्या तुळया पावसाळ्यापूर्वी चिरून, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायच्या.